बेरीज अठरा

निवृत्त माणसाला जुन्या जागा खुणावू लागतात. शाळा, भाड्याचे पहिले घर, नोकरीचे पहिले गाव. तो एकेक करून तिथे जाऊन येतो. बहुतेक जागा बदललेल्या असतात आणि त्यामुळे हळहळण्याची सोय होते. ‘पूर्वीचे काही उरले नाही’ असे म्हणताना आपणही पूर्वीचे उरलेलो नाही, ही गोष्ट झाकली जाते. जी जागा फारशी बदलत नाही, ती मात्र ही सवलत देत नाही. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज या गावचे ‘ओल्ड कोर्स’ हे गोल्फचे मैदान माझ्यासाठी अशी जागा ठरले.

उमेदीची सहा वर्षे मी डंडी शहरातील एका रुग्णालयात शल्यचिकित्सक म्हणून काढली. टे नदीवरचा पूल ओलांडून पुढे गेले की थोड्याच वेळात सेंट अँड्र्यूज येते. गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुंपणाआडची हिरवळ आणि क्लबचे महागडे सदस्यत्व येते. इथली जमीन मात्र आपल्याकडच्या गायरानासारखी, साऱ्या गावाची. १५५२ सालच्या सनदेने तिथे खेळण्याचा लोकांचा हक्क मान्य केला. १७९७ मध्ये कर्जात बुडालेल्या नगरमंडळाने ही जमीन हातची घालवली. मग ससे पाळणारे आणि गोल्फ खेळणारे यांच्यात दीर्घकाळ तंटा चालला. अखेर १८९४ मध्ये संसदेच्या कायद्याने ती गावाकडे परत आली. आजही रविवारी तिथे एरवी खेळ बंद असतो. त्या दिवशी माणसे मुलाबाळांना आणि कुत्र्यांना घेऊन त्या गवतावर निवांत फिरतात. मीही पहिल्यांदा तिथे गेलो तो असाच, रविवारी फिरायला.

खेळायला शिकवले ते गावातल्या एका सुताराने. हिरवळीवर चेंडू हलकेच ढकलण्यासाठी जी सपाट तोंडाची काठी असते, तिला ‘पटर’ म्हणतात. ती मी घट्ट आवळून धरली की तो म्हणे, “रंधा दाबायचा नसतो, चालू द्यायचा असतो.” शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाला हे निराळे सांगावे लागू नये, पण ते मला त्याच्याकडून ऐकायला आवडे.

परत गेलो तेव्हा मधे एकतीस वर्षे उलटली होती. तो सुतार आता हयात नाही. माझ्या उजव्या हाताला कंप सुटतो. त्याची पहिली चाहूल लागली, त्याच महिन्यात मी स्वतःहून शस्त्रक्रिया थांबवल्या. तो निर्णय योग्य होता, याविषयी मनात कधीच शंका आली नाही. पण ज्या हातावर आयुष्य उभे केले, त्या हाताकडे त्यानंतर मी फारसे बघत नसे. एकट्याने आलेल्या खेळाडूला तिथे इतरांच्या गटात सामावून घेतात. मला एक बाप आणि त्याची लेक यांची सोबत मिळाली.

या मैदानाची रचना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. गोट्या खेळताना आपण जमिनीत गल करतो, तशा गलीत चेंडू घालायचा असतो. ती गल आणि तिथपर्यंतची वाट मिळून एक ‘होल’ होतो. १७६४ साली इथल्या खेळाडूंनी २२ होलांची फेरी १८ वर आणली आणि पुढे जगाने तीच संख्या स्वीकारली. वाट गावापासून निघते, खाडीच्या बाजूला आकड्यासारखी वळते आणि पुन्हा गावातच येऊन थांबते. त्यामुळे जाण्याची आणि परतण्याची वाट शेजारीशेजारी आहे. इतकेच नव्हे, तर १४ होलांमध्ये मिळून सातच हिरवळी आहेत. प्रत्येक सामाईक हिरवळीवर दोन निशाणे असतात; जाणाऱ्यांसाठी पांढरे, परतणाऱ्यांसाठी तांबडे. दुसऱ्याची जोडी सोळाव्याशी, तिसऱ्याची पंधराव्याशी, आठव्याची दहाव्याशी. कोणतीही जोडी घ्या, बेरीज १८.

तरुणपणी हे सारे मला एक मौजेचे गणित वाटे. या वेळी तेराव्या होलापाशी पोहोचलो, तेव्हा त्याचा अर्थ अंगावर आला. त्याच प्रशस्त हिरवळीवर, पांढऱ्या निशाणापाशी, विशीतली काही मुले पाचवा होल खेळत होती. त्यांचा चेंडू उंच आणि लांब जात होता. माझा जमिनीलगत घरंगळत आला होता. या मैदानाची जमीन कठीण आणि वाऱ्याची, त्यामुळे घरंगळणाऱ्या चेंडूलाही तिथे मान आहे. जाणारे आणि परतणारे एकाच गवतावर उभे होते आणि एकमेकांसाठी थांबत होते. निवृत्तीला आपण मैदानाबाहेर जाणे समजतो. इथे परतीची वाटही मैदानातूनच जाते.

माझी पाळी आली. गल चांगली पंधरा पावले लांब होती. हात थरथरत होता आणि मुले बघत होती. मी मूठ सैल केली, मनगटे विसरलो आणि खांद्यांतून पटर चालू दिला. चेंडू चढ चढला, उताराला लागला आणि गलीपासून वीतभर अंतरावर थांबला. मुलांपैकी एकाने टोपी किंचित उचलली. मी हाताकडे पाहिले. कंप होताच, त्याची लाज मात्र वाटली नाही.

पुढे चौदावा होल होता. त्याच्या वाटेवर वाळूचा एक प्रचंड खड्डा आहे. त्याचे नावच ‘हेल’, म्हणजे नरक. आम्ही काठ्या उचलल्या आणि निघालो. अजून पाच होल खेळायचे होते.