माजूरची सवलत आणि दवाखान्याची पायरी

वजू कशाने तुटतो, हे मदरशात जाणाऱ्या सात-आठ वर्षांच्या पोरालाही पाठ असते. इस्तिंजा, तहारत, वारा सरणे, सगळे तिथे उघड शिकवले जाते. ‘शरह में शर्म कैसी’ असे आपणच म्हणतो. पण घरात कुणाचा शौचावर किंवा वाऱ्यावर ताबा राहत नसेल, तर तो विषय मायलेकींतही निघत नाही.

माझ्या एका खालांना तिसऱ्या बाळंतपणानंतर हा त्रास सुरू झाला. बाळंतपणात गुदद्वाराभोवतीचे स्नायू फाटले किंवा तिथल्या नसांना इजा झाली तर असे होते. मधुमेहाने किंवा भगंदराच्या ऑपरेशननंतरही होऊ शकते. खालांनी आधी लग्नकार्याला जाणे सोडले, मग एसटीचा प्रवास. एका नमाजीसाठी तीन-तीनदा वजू करायच्या. शेवटी मुसल्लाच गुंडाळून कपाटात ठेवला. “नापाक अंगाने कशी उभी राहू?” एवढेच म्हणाल्या.

फिकहमध्ये याला उत्तर आहे. फातिमा बिन्त अबू हुबैश (रजि.) यांचा रक्तस्राव थांबत नसे. त्यांनी थेट रसूलुल्लाह (स.) यांनाच विचारले, मी नमाज सोडून देऊ का? नको, असे उत्तर मिळाले. त्यातूनच पुढे ‘माजूर’ची सवलत आली. हनफी मजहबात, एका नमाजीच्या पूर्ण वेळेत वजू करून फर्ज पढण्याइतकीही उसंत मिळत नसेल, तर ती व्यक्ती माजूर ठरते. तिने दर वेळेला एक वजू करावा. त्या त्रासाने तो त्या वेळेपुरता तुटत नाही. शाफई मजहबात तपशील वेगळा आहे, तो आपल्या मौलानांना विचारावा. खालांना हे समजले तेव्हा त्या रडल्याच.

पण सवलत म्हणजे इलाज नव्हे. इलाजांपैकी एकाचे नाव बायोफीडबॅक. यात चिरफाड नाही, गोळ्या नाहीत. टोकाला छोटा फुगा असलेली बारीक नळी गुदद्वारात बसवतात. स्नायू आवळला की समोरच्या पडद्यावर रेघ वर चढते, सैल सोडला की उतरते. जे एरवी दिसत नाही ते दिसू लागते आणि माणूस योग्य स्नायू योग्य वेळी आवळायला शिकतो. फुग्यात हवा भरून शौचाची जाणीव लवकर ओळखण्याचा सरावही करून घेतात. १९७४ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड एंगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा ताबा शिकवता येतो हे प्रसिद्ध केले.

काही बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे दुखणे नेमके उलटे असते. कुंथताना जो स्नायू सैल पडायला हवा, तोच ते नकळत आवळतात. मग इसबगोल आणि जुलाबाच्या गोळ्या पुऱ्या पडत नाहीत. अशांना हीच पद्धत सैल सोडायला शिकवते आणि त्यांच्यात तिचा गुण चांगला येतो.

साधारण पाच-सहा बैठका लागतात, शिवाय घरी रोजचा सराव. सगळ्यांनाच गुण येतो असे नाही. स्नायू फारच फाटला असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. खालांचा त्रास पुरता गेलेला नाही, पण त्या पुन्हा तरावीहला उभ्या राहतात.

मोठ्या रुग्णालयांच्या पोटविकार विभागात जाऊन “ताबा राहत नाही” असे स्वच्छ शब्दांत सांगा. नुसते “पोट बिघडलंय” म्हटले तर पोटाचेच औषध मिळते. आधी मॅनोमेट्री नावाची दाबाची तपासणी होते. बायकांनी बाई डॉक्टर किंवा बाई तंत्रज्ञ मागायला संकोचू नये. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल, तर ते सर्वांत आधी सांगा. आणि घरात कुणी एकाएकी लग्नकार्ये, प्रवास, जमात टाळू लागले असेल, तर त्यांच्याजवळ बसून हळूच विचारा.