पाणी ज्या वाटेने जाते

आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या सातारा-सांगलीकडच्या पिढीला सायकलची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. उंच काळ्या सायकलच्या नळीखालून पाय घालून आपण ती शिकलो. शाळा, बाजार, रतीब, कारखान्यातली पाळी, सारे तिच्यावरच झाले. मग ती नेमकी केव्हा भिंतीला टेकली, हे मात्र फार थोड्यांना सांगता येईल. गुडघे दुखू लागले म्हणून, असे आपण म्हणतो. नीट आठवून पाहावे. पुष्कळांच्या बाबतीत गुडघ्याआधी रस्ता बदललेला आढळेल. पुणे-बंगळूर महामार्ग रुंद झाला, गावातल्या रस्त्यांवर मोटारसायकली दाटल्या आणि गळिताच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर शेजारून गेला की हँडल थरथरू लागले. घरातली मुले म्हणाली, ‘‘बाबा, आता पुरे.’’ त्यांचे चुकले असेही म्हणवत नाही.

प्रश्न असा, की ज्या वाटेवर ट्रॅक्टर क्वचितच येतो, चढ लागत नाही आणि सोबतीला पाणी असते, अशी वाट मिळाली तर? ती या दोन जिल्ह्यांत आहे. आपण तिच्याकडे वाट म्हणून पाहत नाही, इतकेच. ती म्हणजे कालव्याच्या कडेची मुरमाची सेवावाट, आपल्या बोलीत पाटाचा रस्ता.

युरोपात अशा वाटांचा मोठा बोलबाला आहे. स्पेनमध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरचे रूळ काढून 1993 पासून पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी वाटा केल्या गेल्या. ‘हिरव्या वाटा’ हेच त्यांचे नाव. तिथे वृद्ध माणसे डोंगराळ भागातूनही आरामात सायकल चालवतात, कारण आगगाडीला तीव्र चढ चढता येत नसल्यामुळे तो मार्ग मुळातच सौम्य आखलेला असतो. पाटाचे गणित त्याहून सोपे आहे. पाण्याला चढताच येत नाही. म्हणून मुख्य कालवा डोंगराच्या कुशीने, समान उंचीची रेषा धरून, किलोमीटरमागे वीत-दोन विती इतक्याच उताराने नेलेला असतो, आणि त्याच्या कडेची वाटही त्याच्याबरोबर सपाट जाते. मधून मधून कालव्याला पायरीसारखा उतार दिलेला असतो. तेवढ्यापुरते उतरून सायकल हातात धरावी.

कराडजवळ खोडशी येथे कृष्णेवर जुना बंधारा आहे. तिथून निघणारा कृष्णा कालवा एकोणिसाव्या शतकातला. नदीच्या डाव्या तीराने कराड तालुक्यातून तो सांगली जिल्ह्यात वाळवा आणि पलूसच्या शिवारात उतरतो. वाईजवळच्या धोम धरणाचेही डावा आणि उजवा असे दोन कालवे आहेत. ही सेवावाट सार्वजनिक रस्ता नव्हे, ती जलसंपदा खात्याची आहे. म्हणून आपल्या भागातील पाटकऱ्याला विचारूनच जावे. कुठे भराव खचला आहे, पाण्याचे आवर्तन केव्हा सुटणार आहे, कोणाच्या वस्तीवरचा कुत्रा अंगावर येतो, हे सारे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

नदीच्या खोऱ्याची ओळख करून घ्यायची तर आरंभ वाईपासून करावा. वाईहून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. हा रस्ता डांबरी आहे आणि सकाळी आठनंतर पर्यटकांच्या गाड्यांनी गजबजतो, पण उजाडताना तिथे शांतता असते. मेणवलीत नाना फडणीसांचा वाडा आहे, कृष्णेवरचा चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आहे आणि वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा आहे. घाटाच्या पायऱ्या उतरण्याचा मोह आवरावा. दव पडलेला दगड सायकलपेक्षा अधिक धोक्याचा. वरच्या पायरीवर बसूनही नदी पुरेशी दिसते.

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन मिळतात आणि काटकोनात वळून पूर्वेला निघतात. या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे खाली सांगली जिल्ह्यात, आणि त्याच्या लगतच सागरेश्वरचे अभयारण्य. पश्चिमेला कोयना आणि चांदोलीची घनदाट जंगले असताना मी वाचकांना सागरेश्वरच सुचवीन. कोयना-चांदोली हा 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तिथले नियम कडक आहेत, चढ निर्दय आहेत आणि मदत दूर आहे. सागरेश्वरचे वन सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे, आणि ते माणसांनी वाढवलेले आहे. ओसाड, चरून बोडक्या झालेल्या टेकड्यांवर झाडे लावण्याचा ध्यास वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी घेतला, लोक आणि वनखाते सोबत आले, आणि 1985 मध्ये त्याचे अभयारण्य झाले. आज तिथे चितळ, सांबर, काळवीट आहेत. ज्यांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वी या टेकड्या उघड्या पाहिल्या असतील, त्यांनी तर अवश्य जावे. हे रान आपल्यापेक्षा वयाने लहान आहे, ही जाणीव मोठी गोड आहे. सायकल मात्र पायथ्याशी, जुन्या देवळांच्या समूहाजवळ ठेवावी. वरची वाट चढणीची आहे आणि उतरताना खडीवर ब्रेक दाबला की पुढचे चाक सरकते.

इथून किर्लोस्करवाडी फार दूर नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये माळावर वसवलेले हे गाव नांगर आणि यंत्रांसाठी प्रसिद्ध झाले, पण त्या उद्योगाचा आरंभ 1888 मध्ये बेळगावात झाला तो सायकलींच्या दुकानाने. या मुलखाचे आणि सायकलचे नाते असे जुने आहे.

आता शरीराकडे वळू. सायकलवर देहाचा बराचसा भार बैठकीवर असतो, म्हणून झिजलेल्या गुडघ्यांना चालण्यापेक्षा ती पुष्कळदा सुसह्य वाटते. अट एकच, बैठक योग्य उंचीवर हवी. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. बैठक फार खाली असेल तर गुडघा दुखणारच. परंतु वर्षानुवर्षांनी बसणाऱ्याला दोन्ही पाय जमिनीला टेकण्याचा आधार हवा असतो. म्हणून पहिले काही दिवस ती खाली ठेवावी आणि धीर आला की थोडी थोडी वर घ्यावी. टांग मारून बसण्याचा हट्ट सोडावा. नळी खाली असलेली, ज्याला आपण लेडीज सायकल म्हणत आलो ती, पुरुषांनीही निःसंकोच घ्यावी. मुरमावर रुंद टायर हवेत आणि त्यांत हवा दगडासारखी कडक नको, म्हणजे हादरे मनगटांपर्यंत आणि पाठीपर्यंत पोचत नाहीत. तीनचाकी सायकल अधिक सुरक्षित असेल असे वाटते, पण एका बाजूला कललेल्या कच्च्या वाटेवर ती उलटू शकते.

वेग किती असावा? बोलता येईल, पण गाता येणार नाही, इतका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडीचे ठोके फारसे वाढत नाहीत, तेव्हा ठोके मोजण्यापेक्षा ही कसोटी बरी. छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली तर तिथेच थांबावे आणि 108 क्रमांकाला फोन करावा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. साखर व्यायामानंतर काही तासांनीही उतरते, हे घरच्यांनीही लक्षात ठेवावे. (वाटेवर गुऱ्हाळ लागले, ताज्या गुळाचा वास आला, तरी ते निमित्त होऊ देऊ नये.) रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील आणि पडल्यावर डोक्याला मार बसला, तर जखम दिसत नसली तरी रुग्णालयात जायलाच हवे, आतला रक्तस्राव उशिरा कळतो. हेल्मेट तर प्रत्येकाला हवे. वारंवार चक्कर येणारे, नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, एका डोळ्याने नीट न दिसणारे, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये.

जागतिक आरोग्य संघटना पासष्टीनंतरही आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते आणि त्याखेरीज तोल व ताकद वाढवणारा व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस सांगते. सायकल पहिली गरज उत्तम भागवते. हाडांना मात्र तिचा फारसा उपयोग नाही, त्यासाठी आपल्या पायांवर उभे राहून चालायलाच हवे.

पाटाच्या वाटेचे धोके स्पष्ट सांगायला हवेत. कालव्याला कठडा नसतो आणि अस्तर केलेल्या उतारावरून वर येणे तरुणालाही कठीण जाते. म्हणून नेहमी शेताच्या अंगाने चालवावे आणि समोरून गाडीबैल आला तर उतरून उभे राहावे. एकट्याने जाऊ नये. पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटून सायकल जागीच रोवते, आणि उन्हाळ्यात दहानंतर सावली नाही. मार्गशीर्ष ते माघ हा खरा काळ. धुके असेल तर ते विरेपर्यंत थांबावे. बाभळीच्या काट्याने पंक्चर होणार हे गृहीत धरून सोबत पंप आणि फोन ठेवावा. खाली भिलवडी-औदुंबराकडे नदीकाठी गेलात तर दत्तदर्शन घ्या, पण पाण्यात पाय सोडून बसू नका. या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि त्यांनी माणसांवर हल्ले केलेले आहेत.

सांभाळणाऱ्यांसाठी दोन शब्द. आईला किंवा बाबांना एकदम नाही म्हणण्याऐवजी आपण मागची सायकल व्हावे. पुढे त्यांना राहू द्यावे, म्हणजे वेग त्यांचा राहतो आणि अडखळणे आपल्याला दिसते. ज्यांना आता स्वतः चालवता येणार नाही त्यांच्यासाठी कोपनहेगनमध्ये 2012 पासून तरुण मंडळी पुढे बैठक असलेली तीनचाकी चालवतात आणि वृद्धांना गावातून फिरवून आणतात. आपल्याकडे गाडीने पाटाच्या पुलापर्यंत जावे, खुर्ची मांडून द्यावी आणि तासभर कोणी शेजारचे सोबत बसवून आपण स्वतः सायकल चालवून यावे. रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्यालाही त्या तासाची गरज असते.

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटे जाऊन मागे फिरावे, दमलेले नसलात तरी. मुरमाच्या वाटेवर वारा समोरून आला की परतीला अर्धा वेळ अधिक लागतो. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर चालेल. गुडघा सुजला तर बैठक पुन्हा मोजावी आणि चार दिवस थांबावे.