तुझ्या आईची परात

पनवेल, सोमवार

प्रिय सखे,

पत्राबरोबर मलिदा पाठवता आला असता तर किती बरं झालं असतं! काल मी आपल्या बेथ एल सिनेगॉगमध्ये होते. इस्रायलमधल्या अश्दोदहून एक बेने इस्रायली कुटुंब आलं होतं. नातीच्या लग्नाआधी नवस फेडायचा तर पनवेललाच, असं आजींनी धरूनच ठेवलं होतं. सिनेगॉग बांधलं १८४९ साली, म्हणजे त्याला पावणेदोनशे वर्षं होऊन गेली. आजी म्हणाल्या, त्याच्यासाठीही मलिदा होऊन जाऊ दे.

दाराच्या चौकटीवरच्या मझुझाला बोटं लावून ती ओठांना लावणारी माणसं पाहिली आणि मला तुझे बाबा आठवले. आत मलिदा: पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर बदाम-पिस्ते, भोवती फळं. एलियाहू हनाबीचं, एलिया संदेष्ट्याचं, नाव आलं की सगळे एकदम सूर धरतात. तो सूर लहानपणी तुमच्या ओटीवरून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

आजींचं मराठी ऐकायला हवं होतंस. अगदी आपल्या आयांचं! सिनेगॉगला त्या अजून ‘मशीद’ म्हणतात. बोलता बोलता बिरड्याच्या सणाचा विषय निघाला, तर नातीला कळेना. मग तीच म्हणाली, “तिशा बेआव?” आजी म्हणाल्या, “तोच गं, तोच.” जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याचं हे सुतक. हजारो मैलांवर कोकणात त्याला नाव मिळालं ते आपल्या वालाच्या बिरड्याचं! मला फार भरून आलं. तिकडे इस्रायलमध्ये लोडहून निघणारं ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तू वाचतेस ना? नसशील तर मागव. आजींच्या तोंडी हे जे शब्द आहेत ते कुणीतरी लिहून ठेवायलाच हवेत, आणि लवकर.

त्यांच्या पणजोबांचा तेलाचा घाणा होता. शब्बाथमुळे शनिवारी बंद, म्हणून ‘शनवार तेली’. ते सांगताना त्यांनी मला विचारलं, “तू कुणाकडची?” काय सांगणार? म्हटलं, मी शेजारची. शनिवारी सकाळी स्टो पेटवून द्यायला जिला हाक यायची, ती. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि मग स्वतःची बोटं ओठांना लावली. हातबोशी. तुझी आई किप्पूरच्या आदल्या संध्याकाळी करायची तशीच. मी आठवीत असताना तुम्ही इस्रायलला गेलात, त्यानंतर कुणी केली नव्हती.

आणि हो, कालचा मलिदा कालवला तो तुझ्या आईच्या पितळी परातीत. निघताना “ठेव, येऊन नेईन” म्हणून आमच्याकडे देऊन गेल्या होत्या, तीच. मुद्दाम कल्हई करून नेली. घरी आणून चिंचेने घासलीय. दिवाळीनंतर हवा बरी असते. तेव्हा ये.

तुझीच,
शेजारीण