चाल गावाची, नाव ज्याचे त्याचे

नोकरीसाठी मी बरीच वर्षे अमरावतीहून अकोल्याला ये-जा केली. बडनेऱ्याला गाडी पकडायची, मूर्तिजापूर गेले की डबा आवरायचा, अकोल्याला उतरायचे. या प्रवासात मी वाचत असे आणि कधीमधी लिहीतही असे. एका वर्षी रबीउल अव्वलचा महिना जवळ आला होता. मोहल्ल्यात नअतचा जलसा व्हायचा होता. गाडीतच मी एक नअत लिहिली. पैगंबर मुहम्मद (स.) यांची स्तुती, पण मराठीत आणि अभंगाच्या छंदात.

ते मी ठरवून केले नव्हते. माझे शिक्षण मराठी शाळेतले. आमच्या शेजारी दर गुरुवारी भजन व्हायचे. मन भरून आले की माझे शब्द आपसूक सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या मापात पडतात, त्याला मी काय करणार?

जलशाच्या एका जबाबदार गृहस्थांना कागद दाखवला. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि कागद परत दिला. म्हणाले, "मियाँ, नअत लिखो. ये तो भजन हो गया."

रागावून नाही, हसत म्हणाले. ते हसणेच जास्त लागले. शब्दांत अकिद्याला धक्का लागेल असे काही नव्हते. सोबत वाद्य नव्हते. दोष फक्त दोनच होते, भाषा आणि चाल. मी कागद खिशात ठेवला आणि पुढे कित्येक महिने काही लिहिले नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात अकोल्यातल्या माझ्या एका सहकारी शिक्षकाने नाताळच्या उपासनेला बोलावले. मास्तर ख्रिस्ती, वयाने माझ्याहून मोठे, पेटी फार गोड वाजवतात. मी गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. इंग्रजी चालीवरची गाणी ऐकू येतील असे वाटले होते. मास्तरांनी भाता हलवला, तबला लागला, झांज वाजली आणि सारी मंडळी अभंग म्हणू लागली. डोळे मिटून ऐकले तर वऱ्हाडातल्या कुठल्याही खेड्यातले भजनी मंडळ वाटावे. नाव मात्र येशूचे.

शेजारच्या माणसाने 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक माझ्यापुढे सरकवले. गाण्याखाली कवीचे नाव होते, ना. वा. टिळक.

शाळेत आपण सगळ्यांनी रेव्हरंड टिळक वाचले आहेत. फुलामुलांचे कवी म्हणून ते आपल्याला माहीत असतात. पण या माणसाची दुसरी बाजू, दर रविवारी हजारो गळ्यांतून गायली जाणारी, मला ठाऊकच नव्हती. मग मी शोधून वाचत गेलो.

नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घराणे चित्पावन ब्राह्मण. आईला कवितेची आवड, वडील तापट. आई गेल्यावर मुलगा घर सोडून नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. पुढे पाय एका जागी ठरला नाही. आज इथे शिक्षक, उद्या तिथे वक्ता. फिरत फिरत ते नागपूरला आले. तेव्हाही नाशिकहून नागपूरला जायचा रेल्वेचा रस्ता भुसावळ, अकोला, बडनेऱ्यावरूनच होता. म्हणजे ज्या रुळांवर मी माझी नअत लिहिली, त्याच रुळांवरून टिळक गेले असणार.

त्यांचे आयुष्य वळले तेही गाडीतच. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. संस्कृत काव्यावर बोलणे झाले. उतरताना त्यांनी टिळकांना बायबलचा नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळक वाचायला बसले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले ते कायमचे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे मी थोडा थांबतो. मुसलमान वाचकाला ही गोष्ट सरळ वाचता येत नाही, मलाही आली नाही. कुणी आपला दीन सोडून गेला तर त्याच्या घरात काय होते, याची कल्पना करूनच आपल्या पोटात गोळा येतो. टिळकांच्या घरातही तेच झाले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे लहान मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 साली आला. त्यात हे दुःख त्यांनी झाकून ठेवलेले नाही, आणि नवऱ्याला देव करून दाखवलेले नाही. त्या स्वतः 1900 साली ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःच्या पायांनी चालत, स्वतःच्या शंका फेडत. धर्म बदलला की वाजंत्री वाजवणाऱ्यांनी आणि दगड उचलणाऱ्यांनी, दोघांनीही हे पुस्तक वाचावे.

मला टिळकांकडून जे मिळाले ते त्यांच्या धर्मांतरात नाही. ते त्यांच्या गाण्यात आहे.

त्या काळी मराठी चर्चमध्ये बरीचशी गाणी इंग्रजी गीतांची भाषांतरे होती, चालीही तिकडच्याच. इंग्रजी गाणे आघातावर चालते, मराठी छंद अक्षरांवर आणि लघु-गुरूंवर. परक्या चालीत मराठी शब्द बसवला की ऱ्हस्व ताणला जातो, दीर्घ चेंगरतो. असे गाणे तोंडाने म्हणता येते, पण भाकरी थापताना, बैल हाकताना ते आपोआप ओठांवर येत नाही. टिळकांच्या आधी अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. टिळकांनी ती रुंद केली. अभंग, ओवी, पदे, कीर्तन, जे जे गावाच्या कानात होते ते सारे त्यांनी उपासनेत आणले. त्यांची दोनशेहून अधिक गीते चर्चच्या गीतसंग्रहात गेली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत, आणि पैलतीरी पोचल्यावर त्यांनी तो पूल मोडला नाही. 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. तिथे बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांनी, 1919 साली, ते गेले.

टिळकांची कर्मभूमी अहमदनगर. त्याच जिल्ह्यात श्रीगोंदा आहे आणि तिथे आपले शेख महंमद आहेत. सतराव्या शतकातले, 'योगसंग्राम'चे कर्ते, ओव्या आणि अभंग लिहिणारे मुसलमान. डॉ. यू. म. पठाण यांनी मुसलमान संतकवींवर आयुष्यभर काम केले नसते, तर आपल्यातल्या किती जणांना ही नावे कळली असती? गोव्यात फादर स्टीफन्स यांनी 1616 साली 'ख्रिस्तपुराण' ओवीतच रचून छापले. आणि उलट दिशेचे उदाहरण तर माझ्या गावचेच. अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांनी फारसी-उर्दूतली गझल मराठीत अशी रुजवली की आज ती इथलीच वाटते. गझलेला कुणी विचारले नाही की तू कलमा पढतेस का. मग अभंगालाच का विचारावे?

1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते याच दुखण्यातून. घरात बोलायची भाषा एक, शाळेची दुसरी, इबादतीची तिसरी, आणि लिहायला बसलो की दोन्हीकडून विचारणा. बाहेरचे म्हणतात, तुम्ही मराठी लिहिता, कमाल आहे! आतले म्हणतात, मराठीत कशाला? टिळकांनी धर्म बदलला तरी त्यांच्याकडून त्यांची भाषा कुणी घेऊ शकले नाही. मी तर काहीच बदललेले नाही. मग माझ्या भाषेने चपलांसारखे दाराबाहेर का थांबावे?

हे सगळे मी मास्तरांना बोलून दाखवले. पेटी पुसता पुसता ते म्हणाले, "चाल तं गावाची असते सर. नाव ज्याचं त्याले."

त्या शनिवारी घरी आलो. खिशातला कागद घडीवर फाटायला आला होता. अम्मी पलंगावर बसून लसूण सोलत होती. तिला मराठी वाचता येत नाही. ऐकताना सगळी कळते. मी दबक्या आवाजात नअत म्हटली. चाल ओळखीची निघाली म्हणून असेल, दुसऱ्या कडव्याला तिचे हात थांबले.

"ये तो अपने जाते के गाने जैसी है," ती म्हणाली. तिची आई दळताना गायची म्हणे, नबींचे नाव घेऊन, पण बोल तिला आता आठवत नाहीत. दख्खनचे सूफी बायकांना दळताना म्हणायला चक्कीनामे रचून देत, हे मी पुस्तकात वाचले होते. आमच्याच घरात ते फिरत होते, हे मला कुणी सांगितले नव्हते.

"फिर से पढ़," अम्मी म्हणाली.

मी पुन्हा म्हटली. पुढच्या रबीउल अव्वलला तोच कागद, नीट उतरवून, घेऊन जाणार आहे. परत केला तर परत आणीन. ऐकणारे एक माणूस तर घरात आहे.