करवंदीची जाळी

फाल्गुन सरत आला की आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडचे डोंगर पार करपून जातात. गवत आधी पिवळं, मग पांढुरकं होतं आणि ओढ्यांत नुसते गोटे उरतात. नेमक्या त्याच दिवसांत करवंदीला फुलं येतात. पांढरी, पाच पाकळ्यांची, जुईच्या वासाची. पाऊलवाटेनं जाताना जाळी दिसायच्या आधी तिचा वास येतो. आमच्याकडचा वसंत मी या वासावरून ओळखते. हिरवाईची वाट बघत बसलं तर तो येऊन गेल्याचं कळणारही नाही.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. भीमाशंकरच्या रांगेतल्या एका वाडीवर त्यांची बदली झाली आणि माझं लहानपण तिथं गेलं. वाडी महादेव कोळ्यांची. चैत्र-वैशाखात धडधाकट माणसं हिरड्याच्या मागे असायची. बी धरण्याआधीचं कोवळं फळ, म्हणजे बाळहिरडा, झोडून, वेचून, काळा पडेपर्यंत उन्हात वाळवायचा आणि व्यापाऱ्याला घालायचा. वर्षाचा रोख पैसा त्यातूनच यायचा. घरातल्या कणग्या तोवर तळाला गेलेल्या असायच्या आणि नवी नाचणी, वरई हाती लागायला दिवाळी उजाडणार. मधल्या दिवसांत कालवणाची सोय बघायची ती म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी. ती रानातूनच व्हायची.

शेजारच्या घरातल्या वयस्कर बाईंना अख्खी वाडी थोरली आई म्हणायची. त्यांच्या मागून आम्ही पोरं टोपल्या घेऊन निघायचो. सावरीच्या कळ्या फाल्गुनातच होऊन गेलेल्या असत. मग कुड्याची फुलं. ती उकडून, पाणी घट्ट पिळून टाकून, कांदा, मिरची आणि भिजवलेल्या डाळीबरोबर परतायची. तरी जिभेवर थोडा कडवटपणा राहतोच, आणि तो राहायलाच हवा. मग लोणच्यासाठी भोकरं, येता-जाता तोंडात टाकायला तोरणं, घरी आणून पेंढ्यात पिकवायची आळवं. दर आठवड्याला डोंगराचा वेगळा कोपरा काहीतरी देत असायचा आणि थोरल्या आईला कुठला कोपरा कधी, हे तोंडपाठ होतं.

करवंदाचा हंगाम मात्र लांबत जायचा. चैत्रात कच्ची करवंदं पाट्यावर लसूण, हिरवी मिरची आणि मिठाबरोबर ठेचली की भाकरीला दुसरं काही लागत नसे. उरलेल्याचं लोणचं. पिकलेली वैशाखात. ती तोडायचीही रीत आहे. करवंदीचे काटे जोडीनं येतात. फांदी धरून ओढली तर ती निसटून सपकन अंगावर येते. म्हणून फांदीला हात न लावता फळच दोन बोटांत धरायचं आणि अलगद पिरगळायचं. कच्चं असेल तर देठ सोडत नाही. तरीही ओढलंच तर देठाशी पांढरा चीक येतो, बोटं चिकटतात, ओठ चिकटतात. पिकलेलं नुसतं हात लावल्यावर तळव्यात येतं, काळंजांभळं, उन्हानं कोमट झालेलं. ते दातांनी अर्धं तोडून आत बघायचं. लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. त्यावर पैजा लागायच्या.

“जाळीत हात घालायच्या आदी काठी घाल,” थोरली आई दर वेळी बजावायची. जाळीच्या सावलीला फुरसं बसलेलं असतं. आणि कुणी अधाशासारखी हिरवी-पिकली सगळीच ओरबाडायला लागलं, तर ती त्याची टोपली काढून घ्यायची. मग कितीही रडा, त्या दिवशी टोपली परत मिळत नसे.

पुढे शिकायला पुण्यात आले. करवंदं तिथंही भेटली, मंडईच्या कडेला, पळसाच्या पानांच्या द्रोणात. “डोंगरची मैना” अशी हाळी ऐकली की पाय थांबायचे. पिकलं करवंद टिकत नाही. आज तोडलेल्याला उद्या पाणी सुटतं. म्हणजे समोर बसलेल्या बाईनं ते कालच तोडलेलं असणार, काट्यांतून, आणि पहाटेच्या गाडीनं आणलेलं असणार. तिच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्यांचा मला तेव्हाही संताप यायचा आणि आजही येतो. केकवरची लालभडक चेरी ही पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेलं करवंदच असते, हेही मला शहरातच कळलं. ज्या फळाला द्रोणाचे चार पैसे देताना माणसं कुरकुरतात, तेच परक्या फळाच्या नावानं काचेच्या कपाटात जाऊन बसतं. हे मला फार खुपलं.

नोकरी, संसार यात वैशाखातलं गावी जाणं अधूनमधून राहून जायचं. वडिलांनी निवृत्तीनंतर त्याच भागात थोडी जमीन घेतली, तेव्हापासून पुन्हा जाणं सुरू झालं. तेव्हा जे दिसलं त्यानं जीव कळवळला. माझ्या लहानपणीच्या करवंदीच्या कितीतरी जाळ्या काळ्या ठिक्कर पडलेल्या होत्या. वणवा आमच्या डोंगरांना नवा नाही. जुनं गवत जाळलं की नवं चांगलं येतं, ही समजूत जुनी आहे. कुणी विडी टाकतो, कुणी जागा मोकळी करायला काडी लावतो. पण करवंदीच्या फुला-फळांचे दिवस आणि वणव्याचे दिवस एकच. जाळी मुळापासून पुन्हा फुटते, हे खरं. त्या वर्षीचं फळ मात्र गेलं, आणि वर्षामागून वर्ष जळत राहिली तर जाळी खुरटत जाते.

तिच्याबरोबर आणखी बरंच काही जातं. करवंदीच्या काट्यांत शेळीचं तोंड पोचत नाही. वर बुलबुल बसतात, विष्ठेतून बिया टाकतात. त्या बिया खालच्या सावलीत रुजतात आणि कुणी कुरतडायच्या आत रोप जाळीच्या वर डोकं काढतं. जांभळाची, हिरड्याची रोपंही जाळीतून उठलेली मी पाहिली आहेत. बोडक्या उतारावर रान परत कुठून सुरू होतं हे बघायचं असेल, तर तिथं करवंदीची जाळी शोधावी.

मला दिसलं ते असं. ज्या वाड्यांवर बायापोरं अजून करवंदं, तोरणं, कुडा आणायला जातात, तिथं धूर दिसला की माणसं ओल्या डहाळ्या घेऊन धावतात, कारण जळतंय ते आपल्या ताटातलं असतं. जिथली तरणी माणसं मंचर-चाकणला कामाला गेली आणि रानात जाणं सुटलं, तिथं वणवा आपोआप विझेपर्यंत कुणी फिरकत नाही. म्हणून जंगल वाचवायचं तर माणसांना बाहेर ठेवा, हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनउपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला, त्याला मी फार मोल देते. हिरडा त्यात येतो, तसं करवंदही येतं. गावसभांनी आपल्या वनाचा आराखडा करताना जाळरेषा कुठून काढायच्या हे ठरवलं, तर त्या करवंदीच्या जाळ्यांभोवतूनही जाव्यात, असं मी तिथल्या प्रत्येक बैठकीत सांगत आले आहे. पावसाळ्यातल्या रानभाज्यांचे आता महोत्सव होतात, त्याचा आनंदच आहे. चैत्र-वैशाखातल्या रानाकडे मात्र अजून कुणाचं फारसं लक्ष नाही.

सध्या आमच्या घरात वाद चाललाय तो कुंपणाचा. धाकट्या भावाला जमिनीला सिमेंटचे खांब आणि काटेरी तार हवी आहे, मला करवंदीची वई. त्याचं म्हणणं, वई दाट व्हायला वर्षं लागतील, तोवर गुरं सगळं खाऊन जातील. त्यात तथ्य आहे. करवंदीचं बी साठवून ठेवता येत नाही, फळातून काढलं की लगेच पेरावं लागतं आणि रोपं सुरुवातीला सावकाश वाढतात. गेल्या वैशाखात आम्ही दोघांनी मिळून पिकली करवंदं आणली, गर धुऊन बिया काढल्या आणि पिशव्यांत लावल्या. रस्त्याच्या बाजूला तार लागली आहे. डोंगराच्या बाजूला पाऊस पडल्यावर रोपं लावायची, एवढ्यावर तो तयार झालाय. तिथं खड्डे घ्यायचे आहेत. त्याआधी सभोवतालचं वाळलं गवत कापून काढायचं आहे.