उतरलेला ताप

वडगाव निंबाळकरच्या आमच्या किराणा-भुसार दुकानात वडिलांच्या पायाला पत्रा लागला, तेव्हा त्यांनी जखमेवर हळद दाबली आणि पुन्हा गिऱ्हाईक पाहू लागले. मधुमेह जुना होता. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. चौथ्या दिवशी संध्याकाळी अंग गार लागले. ताप उतरला म्हणून घरात सर्वांना हायसे वाटले. रात्री मात्र ते मला दिवंगत काकांच्या नावाने हाक मारू लागले आणि आयुष्यभर तोंडी हिशेब करणाऱ्या माणसाला सात पोत्यांची बेरीज जुळेना. श्वासही भरभर चालला होता. थकवा असेल, सकाळी बारामतीला नेऊ, असे मीच म्हणालो. ती रात्र मला अजून सलते.

सकाळी बारामती, तेथून लगेच पुणे. डॉक्टरांनी निदान केले : सेप्सिस. आपल्याकडे याला ‘रक्तात विष भिनले’ म्हणतात. पण विष केवळ जंतूंचे नसते. २०१६ साली ठरलेल्या व्याख्येनुसार जंतुसंसर्गाशी लढताना शरीराच्याच प्रतिकाराचा तोल सुटतो आणि अवयव निकामी होऊ लागतात. गार पडलेले अंग हे बरे होण्याचे लक्षण नव्हतेच.

पहिल्या आठवड्यात रक्तदाब सावरला. दुसऱ्या आठवड्यात फुफ्फुसात नवा संसर्ग झाला. इतकी औषधे चालू असताना असे का व्हावे, हे मला उमजेना. वैद्यकशास्त्र शिकणाऱ्या माझ्या पुतणीने ते समजावले. रक्तातील रक्षक पेशींच्या अंगावर खुणा असतात. न्यूट्रोफिल या पेशींवर एरवी अगदी थोडी असणारी ‘सीडी ६४’ ही खूण जंतूंची चाहूल लागताच काही तासांत वाढते. मोनोसाइट पेशींवरील ‘एचएलए-डीआर’ ही खूण जंतूचे तुकडे इतर पेशींना दाखवण्याच्या कामाची. गंभीर सेप्सिसमध्ये तीच कमी होते. ती दिवसेंदिवस कमीच राहिली, तर नव्या संसर्गाचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. पहारेकरी जागेवर असतो, पण त्याला हाक मारता येत नाही.

या खुणा मोजण्यासाठी पेशींना चकाकणारे रंग जोडून त्या एकेक करून लेझरच्या झोतापुढून नेतात. ही तपासणी सर्रास होत नाही. वडिलांचीही झाली नाही. त्यांच्या आजाराचे गांभीर्य ठरले ते लघवीचे प्रमाण, रक्तदाब, श्वास, शुद्ध आणि रक्तातील लॅक्टेट यांवरून. त्यांतील दोन गोष्टी तर त्या रात्री मला उघड्या डोळ्यांनी दिसत होत्या. तपासणीयंत्राची त्यासाठी गरज नव्हती.

भेटायला येणाऱ्या नातलगांना मी आयसीयूच्या दारातूनच परत पाठवू लागलो. काही जण रुसले. रुसू देत.

वडील वाचले, उजव्या पायाची दोन बोटे गेली. गादीवर अनवाणी बसणारे ते आता मोजे घालून बसतात आणि कोणी कारण विचारले, की भावाची चौकशी करतात : ज्वारीच्या.