साडेत्रेसष्ट अंशांचं आभाळ

कुणाच्याही घरी गेले की मी आधी खिडकीशी जाते. समोरची इमारत संपून आभाळ सुरू होतं तिथवर मान किती वर करावी लागते, ते पाहते. काही घरांत मान हलवावीच लागत नाही. काही घरांत मात्र गजांना गाल टेकवून वर पाहिलं तरी दोन भिंतींमधली एक मळकट पट्टीच दिसते.

मुंबईने एके काळी हे रीतसर मोजलं होतं. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि सरकार घाबरून वस्त्यांत घुसलं. रोग अंधारात, कोंदट हवेत पोसतो, अशी तेव्हाची समजूत होती. म्हणून ऊन आत यावं यासाठी घरांची कौलं उतरवली गेली. दोष उंदरांच्या अंगावरच्या पिसवांचा होता. मार खाल्ला अंधाराने. १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. समुद्राचा वारा दाटीत शिरावा म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट काढली. त्यात घरं गेलेली गरीब माणसं शेजारच्या खोल्यांत आणखी दाटीने राहू लागली, हेही त्याचंच कर्तृत्व. पण याच ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला. भिंतीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेष ओढली, तर ती याहून उभी असता कामा नये. म्हणजे इमारतीची जेवढी उंची, तिच्या निम्मं अंतर मोकळं. कोरड्या सरकारी कागदावर आभाळाचा वाटा लिहून ठेवावा, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता गोवंडीला जा. नटवर पारेख कंपाउंड. रस्ते, रेल्वे अशा प्रकल्पांनी उठवलेल्यांचं पुनर्वसन. इमारती सात मजली, मधलं अंतर कित्येक ठिकाणी जेमतेम तीन मीटर. ट्रस्टच्या हिशोबाने तिथे दहाएक मीटर तरी लागले असते. भर दुपारी खालच्या मजल्यांवर ट्यूबलाइट लावावी लागते. वरून कचरा पडतो, घाण येते, म्हणून होती ती खिडकीही बंद. २०१८ मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी इथल्या आणि आसपासच्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास केला. नटवर पारेखमध्ये साधारण दर दहा घरांमागे एकात क्षयाचा रुग्ण होता आणि खालच्या मजल्यांवर प्रमाण अधिक. इमारतींत बरं अंतर राखलेल्या पीएमजीपी कॉलनीत मात्र हा आजार कितीतरी कमी. गरिबी, कुपोषण, दाटी हे सगळं क्षयाला कारण होतंच. पण खोलीतली हवा हललीच नाही, तर एकाच्या खोकल्यातले जंतू साऱ्या घराच्या वाट्याला येतात. प्लेगच्या वेळी चुकीच्या रोगाला दिलेलं औषध या रोगाला अगदी लागू होतं. आणि नेमकं तेच आपण बंद केलं.

हे कुणा दुष्टाने केलं, असं म्हणण्यात सोय आहे. खरं तर प्रत्येकाने आपापला आकडा नीट पाळला. घर दोनशे पंचवीस चौरस फूट म्हणजे दोनशे पंचवीस. बिल्डरला विकायचा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाचा हक्क, मिळाला, कुटुंबाला स्वतंत्र संडास आणि नळ मिळाला. ती गोष्ट लहान नाही. पहाटे अंधारात डबा घेऊन रांगेत उभं राहिलेल्या बाईला विचारा. ऊन चौरस फुटांत बसत नाही, म्हणून ते कुणाच्याच रकान्यात आलं नाही.

तिकडच्याच एका वसाहतीत ओळखीच्या एक मावशी राहतात. वाटप चिठ्ठ्या टाकून झालं. यांना पहिला मजला आला, नणंदेला सातवा. चिठ्ठी उघडली तेव्हा मावशींना आनंदच झाला होता. गुडघे दुखतात, जिने चढायला नकोत. आता मसाल्याच्या मिरच्या वाळवायच्या तर पातेलं कडेवर घेऊन त्या नणंदेकडे निघतात. लिफ्ट बहुतेक वेळा बंदच असते. नणंद मिरच्या पसरू देते, पण वर्षाच्या मसाल्यातला दोन किलो ठेवून घेते.